लोबेडवरचं मशीन पुलाला पुन्हा पुन्हा लागतंय? कारण इथे शोधा

तक्रार ठरलेली असते. पोकलेन मशीन साइटवरून निघालं, लोबेड म्हणजे बुटक्या डेकचा ट्रेलर नेहमीचा, ड्रायव्हर जुना, आणि रेल्वेच्या पुलाखाली बूमचा, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताचा, बाक गर्डरला (पुलाच्या तुळईला) लागला. होजपाइप फाटले, हायड्रॉलिक ऑइल रस्त्यावर सांडलं, मागे लांबच लांब रांग लागली. मालक ड्रायव्हरला घरी पाठवतो, नवा माणूस ठेवतो, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच पुलाखाली तेच घडतं. मग "आजकाल चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत" असं म्हणून विषय संपतो.

रस्त्याच्या कामांवर मशिनरी हलवण्याचं काम मी बरीच वर्षं बघतो आहे. माझं ठाम मत आहे की यातले बहुतेक अपघात ड्रायव्हर गाडीत बसायच्या आधीच ठरलेले असतात. मशीन ट्रेलरवर चढतं, चेन आवळल्या जातात, चलन फाडलं जातं, सुपरवायझर "चल, निघ" म्हणतो. या सगळ्यात आज, या ट्रेलरवर, या पद्धतीने ठेवलेल्या लोडची उंची किती झाली हे कुणी टेप लावून बघितलेलं नसतं. ड्रायव्हरला उंची ठाऊकच नसेल तर पुलावरचा बोर्ड वाचून तो करणार काय?

म्हणून तपासणी लोडिंगच्या जागेपासून सुरू करा.

उंची मोजलेली आहे की ऐकलेली?

"वीस टनी आहे, चार मीटर भरतं." हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं. ते कुठून येतं हे बघू. वीस टनी पोकलेनच्या कॅटलॉगमध्ये वाहतुकीच्या स्थितीतली उंची साधारण तीन मीटर दिलेली असते. लोबेडचा डेक जमिनीपासून साधारण एक मीटर. झाले चार. हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरच्या मशीनचा आणि कागदावरच्या ट्रेलरचा आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. लोबेड मिळाला नाही म्हणून ट्रान्सपोर्टरने साधा फ्लॅट ट्रेलर पाठवला. त्याचा डेक दीड मीटरच्या आसपास असतो. मशीन तेच, ऑपरेटर तोच, पण लोड साडेचार मीटरचा झाला. फोनवर "गाडी आली का?" एवढंच विचारलं गेलं, कोणती आली हे कुणी विचारलं नाही. वारंवार अपघात होणाऱ्या ठिकाणी मी सगळ्यात आधी हेच विचारतो: मागच्या वेळी आणि या वेळी ट्रेलर एकाच जातीचा होता का?

दुसरी गोष्ट मशीनच्या तोंडाची. कॅटलॉगमधली उंची बूम पूर्ण खाली, आर्म (बूमच्या पुढचा हात) आत वळवलेला आणि बकेट डेकवर टेकलेली अशा स्थितीत मोजलेली असते. मशीन गूजनेककडे (ट्रेलरचा पुढचा, ट्रकला जोडणारा उंच भाग) तोंड करून चढवलं आणि डेक आखूड असला, तर बकेट डेकवर टेकत नाही, गूजनेकच्या चढावर बसते. बकेट अर्धा मीटर वर बसली की बूमचा बाकही वर जातो, आणि लोडचा सर्वात उंच बिंदू तोच असतो. खालून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दुमडलेलं दिसतं. शक्य तिथे तोंड मागच्या बाजूला ठेवा आणि बकेट सपाट डेकवर टेकू द्या. वजनाची वाटणी त्यामुळे बिघडत असेल तर लांब डेकचा ट्रेलर मागवा. बूम थोडा वर राहिला तर चालेल, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

बकेटच्या जागी ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावलेला असेल तर कॅटलॉगची उंची विसराच. ब्रेकर लांबट असतो, तो बकेटसारखा आत वळत नाही आणि आर्मला वर ढकलतो. लांबचा प्रवास असेल तर ब्रेकर उतरवून वेगळा न्यावा. दोन पिन काढायला लागणारा वेळ परवडतो. केबिनवरची दगड अडवणारी जाळी, सायलेन्सरचं टोपण, फिरता पिवळा दिवा, मशीन ज्यावर चालतं ती चेन घसरू नये म्हणून खाली टाकलेल्या लाकडी फळ्या, हे सगळंही उंचीत धरायचं. दोन इंची फळी म्हणजे पाच सेंटिमीटर, आणि पुलाखाली पाच सेंटिमीटरला फार किंमत असते.

मोजायचं कसं? नुसता टेप वर टाकून चालत नाही, कारण टेप मशीनच्या अंगाला टेकतो आणि तिरका येतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चेन पूर्ण आवळून झाल्यावर. सर्वात उंच बिंदूवर गवंड्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवा, तिच्यावर स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यभागी आणा, आणि पट्टीचं टोक ट्रेलरच्या बाहेर काढून तिथून टेप सरळ रस्त्यापर्यंत सोडा. वर चढणारा माणूस मशीनच्या पायऱ्या आणि हँडरेलवरून चढेल, डोक्यावर तार नाही हे बघून. साइटवर लेव्हलिंगचा स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) आणि ऑटो लेव्हल (ती वाचायची दुर्बीण) असेल तर उत्तमच, सर्व्हेअर खाली उभ्या उभ्या मिलिमीटरपर्यंत उंची सांगेल. ज्या साइटवर काँक्रीटच्या लेव्हलसाठी दिवसभर तो स्टाफ फिरतो, तिथे लाखो रुपयांचं मशीन बाहेर पडताना पाच मिनिटं तो का मिळू नये?

आणि मोजल्यानंतर आकडा लिहायचा कसा, यातही अपघात दडलेला असतो. एका ठिकाणी सुपरवायझरने लोडची उंची तेरा फूट अकरा इंच मोजली आणि चिठ्ठीवर 13.11 असं लिहिलं. ऑफिसात बसलेल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर 13.11 ला 0.3048 ने गुणलं आणि चार मीटर म्हणून रस्ता ठरवला. तेरा फूट अकरा इंच म्हणजे 4.24 मीटर. चोवीस सेंटिमीटर कागदावरच गायब झाले. मोजणारा चुकला नव्हता, गुणाकारही बरोबर होता. त्या दिवशी वाटेत सव्वाचार मीटरचा पूल आला नाही म्हणून निभावलं.

त्यामुळे नियम एकच ठेवा: उंची मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. आपल्याकडच्या पुलांवरचे बोर्ड मीटरमध्ये असतात, ड्रायव्हर मात्र फुटांत विचार करतो. त्याच्यासाठी डॅशबोर्डवर एक छोटा तक्ता चिकटवा: 4.0 मीटर म्हणजे सव्वातेरा फुटांना थोडं कमी, 4.2 म्हणजे तेरा फूट नऊ इंच, 4.5 म्हणजे चौदा फूट नऊ इंच, 4.8 म्हणजे पंधरा फूट नऊ इंच, 5.5 म्हणजे अठरा फूट. आणि आजच्या लोडची उंची काचेच्या आतल्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरात लिहा. ब्रिटनमध्ये तीन मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी उंची लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तरीही तिथे दरवर्षी दीड हजारांहून जास्त वेळा गाड्या रेल्वेच्या पुलांना धडकतात. नेटवर्क रेल या तिथल्या रेल्वेच्या संस्थेने ट्रकचालकांची पाहणी केली, तेव्हा निघण्याआधी गाडीची उंची मोजत नाही असं 43 टक्के जणांनी कबूल केलं. आपल्याकडे काचेवर आकडा लिहायला कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक मार्कर पुरतो.

बोर्डापेक्षा लोड कमी होता, तरी लागलं

हे ऐकलं की सगळे ड्रायव्हरला खोटं ठरवतात. तसं करण्याआधी पुलाखाली जाऊन बघा.

पहिलं कारण डांबराचं. पुलावर बोर्ड लागला तेव्हाची उंची आणि आजची उंची यांच्यामध्ये रस्त्याचे थर असतात. दर वेळी जुना थर खरवडून न काढता वरून नवा टाकला की चार-पाच सेंटिमीटर कमी होतात. तीन वेळा झालं की अर्धा फूट गेला. बोर्ड मात्र जुनाच. गर्डरच्या खालच्या कडेला ओरखडे, उडालेला रंग, काँक्रीटचे टवके दिसले तर समजा की बोर्डावर विश्वास ठेवणारे आधीही येऊन गेलेत.

दुसरं कारण खोलगट रस्त्याचं, आणि हे मी सविस्तर सांगतो, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. रेल्वेखालचे बरेच भुयारी मार्ग असे असतात की रस्ता उतरत जातो, पुलाखाली सर्वात खोल होतो आणि लगेच चढायला लागतो. बोर्डावरची उंची गर्डरपासून त्या खोल जागेपर्यंत मोजलेली असते. छोटी गाडी त्या खोलात उतरते. लांब ट्रेलर उतरत नाही. त्याची पुढची चाकं पलीकडच्या चढावर आणि मागचे एक्सल अलीकडच्या उतारावर असताना मधला डेक त्या खोलगटावर पूल टाकल्यासारखा वरच राहतो, आणि मशीन नेमकं मधल्या डेकवर असतं. हिशेब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये दहा मीटर अंतर असेल आणि रस्त्याचा बाक दीडशे मीटर त्रिज्येचा असेल, तर मध्यभागी आठ सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. बाक तीव्र असेल तर आणखी.

त्रिज्या काढत बसायची गरज नाही. दहा मीटरची दोरी घ्या, किंवा तुमच्या ट्रेलरच्या किंगपिनपासून (ट्रेलर ट्रकला जोडणारी पिन) मागच्या एक्सलपर्यंतच्या अंतराएवढी. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे दोघांनी ती रस्त्याला टेकवून ताणून धरा, तिसऱ्याने मध्यभागी दोरी आणि रस्ता यांतलं अंतर मोजा. ते अंतर बोर्डावरच्या उंचीतून वजा करा. तुमच्या ट्रेलरसाठी खरी उंची तेवढीच. वाहतुकीच्या रस्त्यावर हे पहाटे, दोन्ही बाजूंना झेंडीवाला उभा करूनच करायचं.

तिसरं कारण: पूल सगळीकडे सारखा उंच नसतो. जुन्या दगडी कमानीत मधोमध जागा असते आणि कडेला कमी होत जाते. डाव्या बाजूने शिस्तीत चालणारा ड्रायव्हर त्यात अडकतो. हा प्रकार किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वॉशिंग्टन राज्यात आय-5 महामार्गावर स्कॅजिट नदीवर 1955 सालचा लोखंडी ट्रसचा पूल होता. 23 मे 2013 रोजी ड्रिलिंगच्या कामाची एक मोठी शेड घेऊन ट्रेलर त्यावरून चालला होता. परवाना होता, पुढे पायलट गाडी होती, त्या गाडीवर उंची तपासायचा उभा दांडाही होता. पुलाच्या वरच्या आडव्या कैच्या कमानदार होत्या: मधल्या भागात उंची सतरा फुटांच्या आसपास, बाहेरच्या कडेला साडेचौदाच्या आसपास. लोड जवळजवळ सोळा फुटांचा. ट्रेलर उजव्या, म्हणजे तिथल्या बाहेरच्या लेनमध्ये होता. लोड एकामागून एक कैच्यांना लागत गेला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन गाड्यांतली तीन माणसं पाण्यात पडली, तिघंही वाचली. मधल्या बाजूने गेला असता तर तोच ट्रेलर पार झाला असता.

त्या चौकशीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पायलट गाडीची चालक त्या वेळी फोनवर बोलत होती, आणि ट्रेलर तिच्या इतका जवळ होता की इशारा मिळाला असता तरी थांबायला जागा नव्हती. दुसरी गोष्ट, परवाना मिळाला म्हणजे वाटेतले पूल कुणीतरी तपासले, असं नव्हतं. ती जबाबदारी वाहतूकदाराचीच होती. आपल्याकडे ओडीसीची, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठ्या मापाच्या लोडची, परवानगी ऑनलाइन मिळाली की लोक निश्चिंत होतात. परवानगी हवीच, पण ती पुलाखाली टेप धरून उभी राहत नाही.

चौथं कारण आडव्या उताराचं. वळणावर रस्ता एका बाजूला कललेला असतो. तीन मीटर रुंदीवर पाच टक्के उतार म्हणजे दोन बाजूंमध्ये पंधरा सेंटिमीटरचा फरक. ट्रेलर कलला की मशीनचा वरचा कोपरा बाहेर झुकतो.

शिवाय तात्पुरत्या गोष्टी. बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाखाली सेंटरिंगचे गर्डर लागलेले असतात आणि काम होईपर्यंत उंची कमी झालेली असते. मागच्या महिन्यात गेलेला ट्रेलर आज जाईलच असं नाही. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर कमानी उभ्या राहतात. गावांच्या प्रवेशद्वारांच्या पक्क्या कमानी तर बाराही महिने असतात, आणि त्यांच्यावर उंचीचा बोर्ड क्वचितच असतो.

मग किती जागा सोडायची? चालत्या गाडीत लोड उसळतो, म्हणून मी मोजलेल्या उंचीत तीस सेंटिमीटर मिळवतो आणि त्यापेक्षा कमी उंचीचा पूल रस्त्यातून काढून टाकतो. दुसरा रस्ताच नसेल तर पंधरा सेंटिमीटरपर्यंत, पण मग गाडी पुलाआधी पूर्ण थांबवायची, क्लीनर खाली उतरून बाजूला सुरक्षित जागी उभा राहणार, आणि चालण्याच्या वेगाने पुढे. पंधराहूनही कमी असेल तर नाही. तिथे कुणाचाही फोन आला तरी नाही.

जाताना निघालं, येताना अडकलं

रिकामा ट्रेलर कमी उंच असतो असं सगळे धरून चालतात, आणि मशीन उतरवून परतताना ड्रायव्हर निर्धास्त असतो. पण मागचे रॅम्प उभे करून बांधलेले असतात, आणि वजन उतरल्यामुळे कमानपाटे वर आलेले असतात. रॅम्पची उभी उंचीही एकदा मोजा आणि काचेवर दुसरा आकडा लिहा. रॅम्पचा लॉक किंवा चेन ढिली असेल तर तो खड्ड्यात हलून आणखी वर जातो किंवा बाजूला पडतो. रॅम्पला लॉकिंग पिन आणि वरून चेन, दोन्ही हवं.

रस्ता कुणी ठरवला?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं: मोबाइलने. गूगल मॅप कारसाठी रस्ता दाखवतो, त्याला लोडची उंची विचारता येत नाही. महामार्ग बंद असला की तो आतल्या रस्त्याने नेतो, आणि आतल्या रस्त्यावर रेल्वेची मोरी असते.

महामार्गाखालचे सगळे अंडरपास एका उंचीचे नसतात, हे साइटवरच्या इंजिनिअरने ड्रायव्हरला समजावून सांगायला हवं. मोठ्या वाहनांसाठीचा अंडरपास साडेपाच मीटरचा बांधतात. हलक्या वाहनांसाठीचा चार मीटरचा. माणसं आणि गुरं जाण्यासाठीचा तीन मीटरचा. सर्व्हिस रोडवरून पलीकडे जायचं म्हणून ड्रायव्हर समोर दिसेल त्या अंडरपासमध्ये घुसतो. त्यात एक मेख आहे: 2020 मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाडीची उंचीची मर्यादा 3.8 वरून 4 मीटर केली. म्हणजे कायद्यात बसणारी साधी ट्रकसुद्धा चार मीटरच्या अंडरपासमध्ये घासू शकते, मग लोबेडवरच्या मशीनचं काय! आणि वीस टनी मशीन ज्या चेनवर चालतं त्यांची बाहेरून बाहेर रुंदी पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. गाडीच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे. म्हणजे उंची बसली तरी हा लोड ओडीसीच आहे आणि परवानगी लागणारच. लोड मर्यादेबाहेर असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली वीस हजार रुपये दंड आणि लोड उतरवण्याचा खर्च वेगळा.

रस्त्याची पाहणी मोठ्या लोडसाठी आदल्या दिवशी, त्याच दिशेने, शक्यतो त्याच ड्रायव्हरला कारमध्ये सोबत घेऊन करावी. जीपच्या बंपरला पीव्हीसीचा पाइप उभा बांधा, त्याची उंची लोडपेक्षा तीस सेंटिमीटर जास्त. पाइप ज्याला लागला तिथे थांबा, टेपने मोजा, लिहा. अट एकच: विजेच्या तारांखाली पाइप वापरायचा नाही, तिथे आधी गाडी थांबवून महावितरणच्या लोकांना विचारायचं. प्रत्यक्ष लोड निघेल तेव्हा पायलट गाडी ट्रेलरच्या इतकी पुढे हवी की तिचा इशारा मिळाल्यावर ट्रेलर पुलाआधी थांबू शकेल. आणि पायलट गाडीतल्या माणसाचा फोन बंद. पावसाळ्यात पाहणी पुन्हा करा, कारण भुयारी मार्गात पाणी भरलं की वाहतूक भलत्याच रस्त्याने वळवतात.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. खेडेगावातून लोड नेताना क्लीनरला मशीनच्या टपावर बसवतात, हातात बांबू देतात आणि वाटेतल्या तारा वर उचलायला सांगतात. हे ताबडतोब बंद करा. रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार नियमाप्रमाणे 6.1 मीटरवर हवी, पण झोल पडलेल्या तारा आपण रोज बघतो. ओला बांबू वीज वाहतो. रेल्वेच्या विद्युतीकरण झालेल्या फाटकावर वर 25,000 व्होल्ट असतात, आणि तिथे तर तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झेप येते. म्हणूनच फाटकाच्या दोन्ही बाजूंना पावणेपाच मीटरच्या आसपास हाइट गेज, म्हणजे उंच लोड अडवणारी आडवी दांडी, लावलेलं असतं. त्याला लोड लागत असेल तर वाकवून, उचलून पुढे जायचा विचारही करू नका. टपावर बसवलेला तो मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणणं हे साइट इन्चार्जचं काम आहे.

हायवा आणि जेसीबीचं

ही वेगळी जात आहे, थोडक्यात सांगतो. हायवा (टिपर) पुलाला किंवा गॅन्ट्रीला (रस्त्यावरच्या बोर्डाच्या लोखंडी कमानीला) लागतो तो बहुतेक वेळा हौदा वर असताना. माल रिकामा करून पीटीओ (इंजिनवरून हौद्याचा पंप चालवणारी जोडणी) बंद न करता गाडी निघाली की पंप चालू राहतो आणि हौदा हळूहळू वर येऊ शकतो, ड्रायव्हरला आरशात दिसतही नाही. केबिनमध्ये हौदा वर असल्याचा बझर असतो. तो बंद पडला असेल तर ती गाडी साइटबाहेर सोडू नका. जेसीबी स्वतःच्या चाकांवर धावताना मागचा हात नीट दुमडून त्याचा बूम लॉक लावलेला हवा. लॉकची पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घातलेला असतो, तो खड्ड्यात निसटतो आणि हात उघडतो.

लागलंच तर

पहिली प्रतिक्रिया असते रिव्हर्स मारायची. थांबा. बूम गर्डरखाली घट्ट रुतला असेल तर कदाचित तोच तुटलेल्या भागाला आधार देत असेल, आणि गाडी मागे घेतली की तो भाग खाली येईल. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात एम-20 महामार्गावर 27 ऑगस्ट 2016 रोजी एक्सकॅव्हेटर घेऊन जाणारी लॉरी पादचारी पुलाला लागली आणि त्या पुलाचा मोठा भाग सरळ रस्त्यावर आला. एक मोटारसायकलस्वार त्यात जखमी झाला. पादचारी पूल हलके असतात, धक्क्याने जागचे सरकतात.

म्हणून इंजिन बंद, माणसं पुलाखालून बाहेर, दोन्ही बाजूंची वाहतूक बंद. वर तार तुटलेली किंवा टेकलेली असेल तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचं, कुणी गाडीला हात लावायचा नाही. आग लागली तरच बाहेर, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून आणि पाय जोडलेलेच ठेवून लहान उड्या मारत लांब जायचं.

रेल्वेचा पूल असेल तर रेल्वेला कळवणं हे सगळ्यात पहिलं काम, मालकाला फोन करायच्याही आधी. गर्डर जागचा दोन-तीन सेंटिमीटर सरकला तरी वरचा रूळ वाकडा होतो, आणि पुढची गाडी किती वेळात आहे हे तुम्हाला माहीत नसतं. 139 वर फोन करा. पुलावर रंगवलेला पूल क्रमांक आणि किलोमीटर वाचून सांगा, विजेच्या खांबावरचा क्रमांकही चालतो. जवळ स्टेशन किंवा फाटक असेल तर दुसऱ्या माणसाला तिकडे पळवा. पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033. "नुसतं खरचटलंय, कुणी बघितलं नाही" म्हणून निघून जाणं हा सगळ्यात घातक पर्याय आहे, कारण खालून खरचटलेलं दिसतं ते वर किती हललंय हे खालून कळत नाही.

नुसतं अडकलं असेल, धडक बसली नसेल, आणि पुलाच्या माणसांनी हो म्हटलं असेल, तर ट्रेलरच्या टायरमधली हवा सगळीकडून सारखी, थोडी थोडी कमी करा. काही सेंटिमीटर मिळतात. मग सरळ रेषेत, स्टिअरिंग न वळवता मागे घ्या. बूम खाली करता येईल म्हणून ऑपरेटरला पुलाखाली मशीन सुरू करायला लावू नका, होज फाटलेली असेल तर बूम कुठे जाईल सांगता येत नाही.

मशीन बाहेर काढल्यावर ते लगेच ट्रेलरवरून उतरवण्याची घाई नको. चेन आणि बाइंडर ताणले गेलेत का, ट्रेलरचे हुक उघडलेत का, बूमच्या बुडाची पिन आणि तिच्या भोवतीचं वेल्डिंग तडकलंय का, बूम सिलिंडरचा रॉड वाकलाय का, हे आधी बघा. वाकलेल्या रॉडवर बूम उचलला की सील फुटतं आणि बूम खाली येतो, आणि त्या वेळी रॅम्पच्या बाजूला हात दाखवत कुणीतरी उभं असतंच. धडकेनंतर वापरलेल्या चेन पुन्हा लोडला लावायच्या नाहीत, कापून भंगारात टाका म्हणजे दुसरा कुणी उचलून वापरणार नाही.